वतन नको, वतन पाहिजे

मिलमध्ये आमच्या पाळीला एक चाचा आहे. उत्तर प्रदेशातला, आझमगडकडचा. भट्टीवर काम करतो. वर्षातून एकदा महिनाभराची सुट्टी टाकतो आणि आठ दिवस आधीपासून सगळ्यांना सांगत सुटतो, 'वतन जा रहा हूँ.' गेल्या साली असाच चहाच्या टायमाला त्याच्याजवळ बसलो होतो. त्यानं सहज विचारलं, 'तुम्हारा वतन कौन सा, बेटा?'

मी म्हटलं, 'था हमारा वतन. छोड़ दिया.'

'छोड़ दिया मतलब?'

'मतलब छोड़ दिया. बाबासाहेब ने बोला था, छोड़ो. बाद में सरकार ने भी कायदा करके खतम किया.'

चाचा कप तसाच धरून माझ्याकडं बघत राहिला. 'अरे, वतन भी कोई छोड़ता है? लोग जान देते हैं वतन के लिए.'

मी म्हटलं, 'हमारे लोगों की जान वतन ने ली.'

दोघंही खरं बोलत होतो. एकच शब्द बोलत होतो. आणि एकाचं दुसऱ्याला काही म्हंजे काही कळत नव्हतं. भोंगा झाला, उठलो, कामाला लागलो. पण तो शब्द डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय.

मिलमध्ये असल्या शब्दांची कमी नाही. बिहारी पोरगा सांगतो, माझा भाऊ पटन्यात शिक्षा घेतोय, आणि आपल्याकडच्या हेल्परला वाटतं भाऊ आत गेला. हिंदीत शिक्षा म्हंजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हंजे सजा. मूळ संस्कृत शब्द एकच. आपल्या बापजाद्यांनी शिकायला हात पुढं केला तेव्हा त्यांच्या वाट्याला मराठी अर्थ आला, हे सांगायला कोश उघडायची गरज नाही. मिलकडं येताना वाटेत मशीद लागते, तिथली बारकी पोरं सकाळी काखेत 'कायदा' मारून पळतात. त्यांचा कायदा म्हंजे अरबी मुळाक्षरांचं पुस्तक. आपला कायदा म्हंजे कोर्ट, पोलीस, तारीख. ह्या गमती पाळी संपायच्या आत विसरता येतात. 'वतन' हा शब्द तसा विसरण्यातला नाही. तो आपल्या पाठीवर उमटलेला आहे.

तरुण कार्यकर्त्यांतल्या पुष्कळांनी वतन पाहिलं नाही, मीही नाही. माझ्या आजीनं पाहिलं. ती लग्न होऊन आली तेव्हा सासरा येसकर. तिला विचारलं, आजी, वतन म्हंजे काय गं? ती म्हणाली, 'वतन म्हंजी पाळी. आपल्या घरावर पाळी आली का वरीसभर जीव गावाकडं गहाण.' मग बोटं मोडत सांगायला लागली. पाटलाच्या वाड्यापुढं झाडलोट. लाकडं फोडणं. अंमलदार आला की घोड्यापुढं पळणं, त्याच्या घोड्याला गवत. सरकारचं टपाल पुढच्या गावाला पोचवणं, रात्र असो का पाऊस. गावात माणूस मेलं की सोयऱ्याधायऱ्यांच्या गावी खबर घेऊन जाणं, आणि त्या गावच्या लोकांनी सांगाव्यावर काय दिलं तर खाणं. मेलेलं ढोर ओढणं. गावाची शीव दाखवणं. हे सगळं एकट्या येसकरानं करायचं असं नाही. तो आजारी पडला तर त्याची बायको, पोरगं, सून. राबता घराचा होता. आणि बदल्यात हाडकीचा तुकडा, खळ्यावरचं बलुतं आणि संध्याकाळी दारोदार कोरकं. आजी म्हणते, 'कोरक्या वाढतानी हात उंच धरायच्या. शिवायला नको म्हून. कधी टोपल्यात पडायचं, कधी भुईवर.'

ह्याला वतन म्हणत. देणारे म्हणत होते ते एक वेळ ठीक आहे. घेणारेही अभिमानानं म्हणत. आपल्यात बेदरच्या बादशहानं दिलेल्या बावन्न हक्कांची गोष्ट सांगायचे. बावन्न हक्क! त्यात मेलेल्या ढोराच्या कातड्याचा हक्क आहे, मढ्यावरच्या कापडाचा हक्क आहे. हक्क ह्या शब्दाची इतकी विटंबना जगातल्या दुसऱ्या कुठल्या भाषेत झाली असेल तर मला दाखवा.

आता चाचाचं वतन. सुट्टीहून आल्यावर मी त्याला पकडलं. म्हटलं, तुमच्या जबानीत ह्या शब्दाचं मूळ काय? तो हसला, म्हणाला मी अंगठाबहाद्दर, पण नमाजातलं एवढं ठाऊक आहे. प्रवासात असलेल्या माणसाला नमाज आखूड करायची मुभा असते. पण एखाद्या ठिकाणी पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त राहायचा इरादा केला की तो प्रवासी राहत नाही, पुरती नमाज पढावी लागते. ते गाव तेवढ्यापुरतं त्याचं वतन होतं. जन्माचं, बायकापोरांचं गाव ते वतन-ए-असली. मुक्कामाचं ते वतन-ए-इकामत. म्हंजे चाचाच्या हिशेबानं जालना हेही त्याचं वतनच झालं.

पंधरा दिवस! मी मनात म्हटलं, आमची हाडं ह्या मातीत किती पिढ्यांची आहेत ते कुणी मोजलेलं नाही, आणि ह्याला पंधरा दिवसांत वतन मिळतं. बिनपाटलाचं, बिनसनदेचं. नुसता राहायचा इरादा पुरतो.

पुढं चाचाच मला मौलवीसाहेबांकडं घेऊन गेला. भला माणूस. त्यांनी अरबीचा जुना मोठा कोश काढला, 'लिसान अल्-अरब', इब्न मंझूर नावाच्या पंडितानं तेराव्या शतकात रचलेला. त्यात वतन म्हंजे माणूस राहतो ते ठिकाण, मुक्कामाची जागा. आणि त्याच्याच शेजारी आणखी एक अर्थ: शेळ्यामेंढ्या, गाई जिथं येऊन बसतात, टेकतात ती जागाही वतन. मौलवीसाहेब वाचत होते, मी वहीत उतरवत होतो. देश नाही, झेंडा नाही, सनद नाही. दिवसभर चरून थकलेलं जनावर संध्याकाळी जिथं पाय दुमडून बसतं, ती जागा. मला एवढा मोठा शब्द इतका साधा असेल असं वाटलं नव्हतं.

हा साधा शब्द फारशी कारभाराबरोबर दख्खनमध्ये आला. सुलतानांच्या दफ्तरात बसला आणि मराठीत रुतला. गावात कायमचा राहणारा, ज्याची जमीन, ज्याचं काम, ज्याचा मान बापाकडून मुलाकडं जातो, तो वतनदार. त्याच्या उलट उपरी. आज आला, उद्या जाईल. इथवर समजण्यासारखं आहे, राहण्यावरून हक्कापर्यंत शब्द चालत आला. देशमुखाचं वतन, देशपांड्याचं वतन, पाटील-कुलकर्ण्याचं वतन. ह्या वतनांपायी भाऊबंदांत पिढ्यान्‌पिढ्या वैरं चालली, खून पडले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद धरलंय, म्हंजे राज्यात वाटा मागणारे भाऊबंद, त्यांना दाबून ठेवावं असा त्याचा रोख. राजाला ज्यांची भीती वाटते असले हे वतनदार.

त्याच गावात, त्याच दफ्तरात, त्याच मोडी अक्षरांत महाराचंही वतन. राजाला ह्या वतनदाराची भीती वाटल्याचं कुठं वाचनात नाही.

इथं मला पंडित लोकांशी भांडायचंय. ते म्हणतात, शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेला की अर्थ बदलतो. बरोबर आहे. अरबीत घर, उर्दूत देश, मराठीत हक्क. पण मराठीतल्या मराठीत काय झालं ते ते सांगत नाहीत. वेशीच्या आत वतन म्हंजे दुसऱ्याकडून घ्यायचं, वेशीच्या बाहेर वतन म्हंजे दुसऱ्यासाठी राबायचं. पाटलाला वतन विकता येत होतं, गहाण टाकता येत होतं, त्यासाठी भांडता येत होतं. महाराला ते टाकून पळूनही जाता येत नव्हतं. गेला तर गाव त्याच्या मागं राहिलेल्यांना सोडत नव्हतं. मला वाटतं कोणती गोष्ट तुमची आहे हे ओळखायची ही सोपी परीक्षा आहे. ती सोडून देता येत असेल तर तुमची. सोडता येत नसेल तर तुम्ही तिचे. तेव्हा कोशात 'वतन' ह्या शब्दापुढं अर्थ एक, अर्थ दोन असे आकडे घालताना कंसात जातही लिहायला पाहिजे होती.

वर्षं बघा, वर्षं मोठी बोलकी असतात. १८७३ साली तुर्कस्तानात इस्तंबूलला नामिक केमाल ह्या लेखकाचं एक नाटक झालं, नावातच 'वतन'. देशासाठी लढणाऱ्यांचं नाटक. बघणारे इतके पेटले की सुलतानाला धास्ती पडली आणि लेखकाला सायप्रस बेटावर हद्दपार केलं. त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' छापून आलं आणि सत्यशोधक समाज निघाला. आणि पुढच्याच साली, १८७४ मध्ये, मुंबई सरकारनं वतनाचा कायदा केला. महाराचं राबणं, जे आजवर गावची रीत म्हणून चालत होतं, ते इंग्रजाच्या कायद्यात पक्कं बसलं. एक वतन माणसांना बंदुकीपुढं छाती काढायला शिकवत होतं, दुसरं वतन घोड्यापुढं पळायला. एक वर्षाचं अंतर.

हा कायदा मुंबई इलाख्याचा. आमचा जालना निजामाच्या राज्यात, १९४८ पर्यंत. इथं कागद उर्दूत. म्हंजे ज्या उर्दूत वतन म्हंजे जीव ओवाळून टाकावा असा देश, त्याच उर्दूच्या राज्यात, माली पाटील आणि पोलीस पाटलाच्या हुकमाखाली, आमचा आजा काठीची घुंगरं वाजवत वतन करत होता. त्याला उर्दू वाचता येत नव्हतं हे एका अर्थी बरंच झालं.

बाबासाहेबांनी ह्या शब्दाचं काय केलं ते आपण नीट समजून घेत नाही. आपल्या भाषणांतून 'बाबासाहेबांनी वतन सोडा म्हणून सांगितलं' एवढंच येतं. मीही चाचाला तेवढंच सांगितलं. ते अर्धं आहे. १९२७ साली त्यांनी 'बहिष्कृत भारता'त ह्या प्रश्नावर लिहिलं आणि १९ मार्च १९२८ ला मुंबई कौन्सिलात १८७४ च्या कायद्याला दुरुस्तीचं बिल आणलं. त्या बिलाची मेख अशी, की ज्या महाराला राबत्यातून सुटायचंय त्यानं सुटावं, पण जमीन त्याच्याकडंच राहावी. तिचा पुरता सारा त्यानं इतर रयतेसारखा भरावा. बलुत्याच्या धान्याऐवजी रोख पैसा. म्हंजे वतन ह्या एका शब्दात राहण्याचा हक्क आणि राबण्याची सक्ती ह्यांची जी गाठ मारली होती, ती त्यांनी कायद्याच्या सुरीनं कापायला घेतली. हक्क ठेवा, सक्ती टाका. शब्दाचे दोन तुकडे. कवीचं काम त्यांनी कौन्सिलात केलं.

कौन्सिलातल्या लोकांना ते कसं मानवणार. १९२९ साली बिल मागं घ्यावं लागलं. दहा वर्षांनी, १९३९ च्या डिसेंबरात, हरेगावला वतनदारांची परिषद भरली. १९४१ साली सरकारनं महार वतनाच्या जमिनीवरची जुडी वाढवली तेव्हा सिन्नरला परिषद. विचार करा, गुलामीवर सारा, आणि तोही वाढता! शेवटी कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा आला १९५८ चा. त्यातही जमीन आधी सरकारजमा, मग आकाराच्या तिप्पट रक्कम भरली की परत. ज्यांच्याकडं भरायला नव्हती त्यांचं काय झालं ते प्रत्येक गावात विचारा. आणि कागदावर वतन मिटलं म्हणून गावातलं मिटलं असं नाही. आमच्या गावात ढोर ओढणं बंद झालं ते धर्मांतराच्या वाऱ्यानं, आमच्याच लोकांनी मार खाऊन. तिथं कुठलं कलम उपयोगी पडलं नाही.

आता ती गोष्ट, जी आजीनं सांगितल्यावर मी दोन रात्री झोपलो नाही. ती म्हणाली, 'येसकरकी बंद झाली तवा तुझा आजा रडला.'

मी चिडलो. म्हटलं, गुलामीचा दोर तुटला तर रडायचं कशाला? ती म्हणाली, 'तुला नाय कळायचं.'

पुष्कळ दिवस मी ह्याचा अर्थ 'मानसिक गुलामगिरी' असाच लावला. आपल्याकडं हा शब्द तयार असतो, कुठंही चिकटवता येतो. बाबासाहेबांच्या बिलालाही आपल्यातल्याच काही वतनदारांनी विरोध केला होता, तेही ह्याच खात्यात टाकून मी मोकळा झालो. पण आजा काही अडाणी रडवा माणूस नव्हता. त्यानंच पुढं घरातले देव वाहत्या पाण्यात सोडले. मग तो कशाला रडला? आता मला असं वाटतं, की त्या घाणेरड्या शब्दात एक गोष्ट त्याची होती. गावच्या कागदात त्याचं नाव होतं ते त्या एका शब्दामुळं. तू इथला आहेस, उपरी नाहीस, एवढं त्याला आख्ख्या गावात फक्त वतन सांगत होतं. दोन शेतकऱ्यांत बांधावरून भांडण लागलं की शीव कुठं आहे ते त्याला विचारत. सगळ्या शिवाराची हद्द ज्याला तोंडपाठ, त्याच्या नावावर हाडकीचा तुकडा, तोही अकरा वाटण्यांत. वतन गेलं आणि बदल्यात दुसरं काही आलं नाही. राबताही गेला, आणि मी इथला आहे हे सांगणारा कागदही गेला. गुलामीसाठी तो रडला नसेल. तिच्या पोटात बांधून ठेवलेल्या, चाचाच्या वतनासाठी रडला असेल. त्याला ह्या दोन गोष्टींना दोन शब्द ठाऊक नव्हते. ते द्यायचं काम आपलं होतं. आपण दिलं नाही.

१४ ऑगस्ट १९३१. मुंबईत मणिभवनात बाबासाहेब गांधींना पहिल्यांदा भेटले. तिथं त्यांनी गांधींना सुनावलं, की मला मायभूमी नाही. बोलणं आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण कधी तरी ते वाक्य चाचाच्या भाषेत करून बघा. 'मला वतन नाही.' आणि आता तेच वाक्य जसंच्या तसं आजीच्या पुढं ठेवा. ती काय ऐकेल? की ह्या माणसानं वतन टाकलं, शाब्बास. एकाच वाक्यात एकाला दुःख ऐकू येईल आणि दुसऱ्याला सुटका. आणि बाबासाहेबांच्या आयुष्यात दोन्ही खरं. मला नाही वाटत जगातल्या दुसऱ्या कुठल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य इतकं भरलेलं असेल.

म्हणून प्रश्न असा आहे: हा शब्द आपण टाकायचा का घ्यायचा? परवा एका बैठकीत ह्यावर वाद झाला. एक मित्र म्हणाला, वतन शब्द मराठीतून हद्दपार करा, त्याला आपल्या रक्ताचा वास येतो. दुसरा म्हणाला, मूळ अर्थ तर घर आहे, मूळ अर्थाकडं चला. मला दोन्ही पटत नाही. मुळाचं म्हणाल तर मुळांनी आपल्याला कमी छळलेलं नाही. 'महार' शब्दाचंच घ्या. कुणी म्हणालं मृताहारी, मेलेलं खाणारे. जोतीरावांनी 'गुलामगिरी'त सांगितलं महाअरि, मोठे शत्रू. कुणी महाराष्ट्र हे नावच महारांवरून काढतं. जोतीरावांचं आपल्याला गोड लागतं, पहिलं कडू. पण शब्दाच्या मुळातून माणसाची किंमत काढायची ही रीतच बामणी आहे. जन्मावरून माणूस आणि जन्मावरून शब्द, एकच हिशेब.

मज्झिम निकायात अरणविभंग नावाचं सुत्त आहे. त्यात बुद्धानं भिक्खूंना सांगितलंय, की एकाच भांड्याला एका मुलखात पाति म्हणतात, दुसरीकडं पत्त, तिसरीकडं सराव. तुम्ही जिथं जाल तिथले लोक ज्या शब्दानं ओळखतात तो वापरा, माझाच शब्द खरा म्हणून हट्टानं धरून बसू नका, त्यानं तंटे वाढतात. फार शहाणं बोलणं. चाचाला माझा अर्थ आणि मला चाचाचा अर्थ कळला तो ह्याच रीतीनं, चहा पिता पिता. पण ह्या बोलण्यानं आपलं सगळं भागत नाही. तिथं भांडं एक आणि नावं अनेक. इथं नाव एक, आणि एकाच्या हातात भरलेलं भांडं, दुसऱ्याच्या गळ्यात मडकं.

तिथं मला सुत्तनिपातातलं वसल सुत्त जवळचं वाटतं. अग्गिक भारद्वाज नावाचा बामण बुद्धाला बघून ओरडतो, वसला, तिथंच थांब. वसल म्हंजे आपल्याकडच्या शिवीसारखाच शब्द, हलक्या जातीचा. बुद्ध त्याला शांतपणे विचारतो, बामणा, वसल कशानं होतो ते तुला ठाऊक आहे का? आणि मग वसल कोण ते एकेक करून सांगतो: चोरी करणारा, कर्ज बुडवणारा, म्हाताऱ्या आईबापांना न पोसणारा. शिवी परत केली नाही, शब्द टाकलाही नाही, मुळाशीही गेला नाही. आतला माल उतरवून दुसरा भरला. शब्द त्याचा राहिला.

मराठवाड्यात तर कुणी शब्दानं काय होतं म्हणू नये. एका विद्यापीठाच्या नावासाठी इथं १९७८ मध्ये आपली घरं जळली, माणसं मेली, आणि ते नाव पाटीवर चढायला १९९४ उजाडलं.

आता माझ्या घरातलं. हाडकीच्या तुकड्यावर अकरा वाटण्यांत काही पिकत नाही, म्हणून आजानं गायरान फोडलं होतं. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले, १९५३ ला मराठवाड्यात, १९६४ ला साऱ्या देशभर. त्या दुसऱ्या सत्याग्रहाच्या वाऱ्यात. दगड वेचले, बांध घातला, ज्वारी पेरली. बा तिथंच वाढला. गावची गुरं चरायची, दुपारी लिंबाखाली येऊन बसायची ती ही जागा. मौलवीसाहेबांचा कोश मी ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यापुढं हेच रान आलं. अरबी अर्थानं ते वतनच होतं, आम्ही जायच्या आधीपासून.

सरकारच्या भाषेत त्याला अतिक्रमण म्हणतात. गाव नमुना १-ई नावाची वही असते, तिच्यात आजाचं नाव आहे. दर साली दंड भरल्याच्या पावत्या आहेत, बा त्या कोयरीशेजारी पत्र्याच्या डब्यात ठेवतो. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचं सरकारनं ठरवलं तेव्हा ह्याच पावत्या पुरावा म्हणून मागितल्या. गुन्हा केल्याची नोंद हाच हक्काचा दाखला. वतनात हक्क म्हणून गुलामी दिली. इथं गुन्हा म्हणून हक्क लिहून ठेवलाय. आमच्या गावातल्या काहींचं नियमित झालं, आमचं कागदातच राहिलं. पुढं २०११ साली सुप्रीम कोर्टानं गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हणून निकाल दिला. त्या निकालातही भूमिहीन दलित-आदिवासींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद आहे, पण नोटिसा काढणाऱ्याला तेवढं खाली वाचायला सवड नसते. आम्हाला नोटीस आलीय.

जबाब लिहायला मी सुट्टी टाकून गावी गेलो. बा, मी आणि समोर कोरा कागद. मी जोशात पहिलंच वाक्य लिहिलं, की ही जमीन आमचं वतन आहे. हे सगळं डोक्यात होतं, आझमगड, इस्तंबूल, मणिभवन. बानं वाचायला लावलं आणि म्हणाला, 'खोड ते.'

मी समजावून सांगायला लागलो. बानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'तुझं बरोबर असंल. पण कागद वाचणार हाय तो क्लार्क. त्याच्या डोक्यात वतन म्हंजी त्याच्या बापाचं येगळं अन् माझ्या बापाचं येगळं. तो आपल्या बापाचं धरल का?'

मी खोडलं. मग पुष्कळ वेळ शब्द सापडंना. ताबा लिहिलं तर ते पोलिसी वाटतं, मालकी लिहिलं तर खोटं, वहिवाट लिहिलं तर वकील पाहिजे. शेवटी बानं सांगितलं तसं लिहिलं. 'आम्ही हितं राहतो. आमचा बाप हितं राहत होता. जमीन आम्ही कसतो.' मी 'हितं'चं 'इथे' केलं. बाकी तसंच ठेवलं आणि खाली पावत्यांची यादी जोडली.

मिलमध्ये परत आलो तर चाचा वतनाहून आला होता. घरून आणलेलं अमावट त्यानं कागदात गुंडाळून दिलं. विचारलं, 'गाँव का काम हुआ?'

म्हटलं, 'जवाब दे दिया. मुद्दत कम थी.'

'कितनी?'

'पंधरह दिन.'

चाचा काही बोलला नाही. भट्टी तापली होती, आम्ही आपापल्या जागेवर गेलो.